पॅकेज आणि बिल्ड व्यवस्था: सुधारणांच्या नोंदी

६ जानेवारी

आपली व्यवस्था सोर्सकोडपासून चालणारी पॅकेजे बनवते, म्हणजे बिल्ड करते; कसे बनवायचे ते प्रत्येक पॅकेजच्या रेसिपीत लिहिलेले असते. ती सुधारण्याच्या यादीत सहा कामे आहेत. दर वेळी तंतोतंत तेच बाइट देणारा बिल्ड, सोर्सची पडताळणी, सामायिक कॅशे (एकदा बनलेली पॅकेजे सगळ्यांना देणारा साठा), समांतर कामांची शिस्त, आवृत्त्या जुळवणारा सॉल्व्हर आणि डिस्क साफ करणारा कलेक्टर. मागणी सर्वांत जास्त कॅशेला आहे, कारण रोजचा वेळ तिथे वाचतो. तरीही ती तिसऱ्या क्रमांकावरच राहील. इनपुट तेच असेल तर आउटपुटही तेच, एवढ्या एका गृहितकावर कॅशेचा सगळा व्यवहार चालतो, आणि आपल्या रेसिपींबद्दल आज ते छातीठोकपणे सांगता येत नाही. घड्याळ, मशीनचे नाव, होम फोल्डर, प्रोसेसरची जात, नेटवर्कवरून ओढलेली एखादी फाइल, यांतले काहीही आउटपुटमध्ये शिरते आणि रेसिपीत त्याचा उल्लेखही नसतो. अशा पायावर कॅशे उभी केली, तर एका मशीनवरची चूक घटकाभरात सगळ्यांच्या मशीनवर जाऊन बसेल.

म्हणून एकच नियम, आणि पुढचे सगळे निर्णय त्याला धरून: रेसिपीत लिहिलेले नाही ते बिल्डला दिसता कामा नये.

९ जानेवारी

सँडबॉक्स, म्हणजे बिल्डसाठी बाकी मशीनपासून तोडलेली जागा. लिनक्सवर यूजर नेमस्पेस (प्रक्रियांना एकमेकींपासून वेगळे ठेवणारी कर्नलची सोय) वापरायचे. कर्नल ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून ते आहेत आणि रूट अधिकारांशिवाय चालतात. काही वितरणांत सुरक्षेसाठी ते बंद ठेवलेले असतात, तेव्हा इन्स्टॉलरने सुरुवातीलाच तपासून स्पष्ट सांगावे. अर्ध्या बिल्डमध्ये ‘परवानगी नाही’ एवढेच छापून थांबू नये. माउंट (कोणते फोल्डर दिसतात), पीआयडी (प्रक्रियांचे क्रमांक) आणि नेटवर्क असे तिन्ही नेमस्पेस वेगळे करायचे. आत फक्त रेसिपीत लिहिलेल्या डिपेंडन्सी (बिल्डला लागणारी इतर पॅकेजे), त्याही फक्त वाचता येतील अशा. लिहिण्याजोगा फोल्डर एकच, त्याचा मार्ग कायम ‘/बी’.

मार्ग एवढा छोटा का, याला कारण आहे. लिनक्सवर युनिक्स सॉकेटच्या (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांनी आपसात बोलायच्या वाटेच्या) पत्त्याला १०८ बाइटच मिळतात. डेटाबेसच्या चाचण्या तात्पुरत्या फोल्डरात सॉकेट उघडतात, आणि बिल्डचा मार्ग लांबलचक असेल तर त्या तिथेच आपटतात. पॅकेजच्या भांडाराचा मार्गही याच कारणाने आखूड हवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण मार्ग जातो आणि त्यात आपला ३२ अक्षरी हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. कर्नल ५.१ पूर्वी ही ओळ १२७ अक्षरांनंतर कापली जायची, आता मर्यादा २५५ आहे. कापलेल्या मार्गावर फाइल सापडत नाही आणि संदेश येतो ‘अशी फाइल नाही’. फाइल तर समोर दिसत असते, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच खोदत बसतो.

नेटवर्क बंद केल्यावर काही पॅकेजांच्या चाचण्या पडतील. नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये लूपबॅकसुद्धा (मशीनचा स्वतःशीच बोलायचा रस्ता) बंद असतो, आणि १२७.०.०.१ वर सर्व्हर उभा करणाऱ्या चाचणीला पत्ताच मिळत नाही. सँडबॉक्स तयार होताच लूपबॅक चालू करायचा. बाहेरचा रस्ता बंदच.

एन्व्हायर्नमेंट आधी पूर्ण पुसायचे, मग मोजकी चले घालायची. वेळ यूटीसी. लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची निवड) ‘सी.यूटीएफ-८’, कारण नुसते ‘सी’ ठेवले तर मजकूर आस्की समजून वाचणारी साधने देवनागरी नावाच्या फायलींवर अडखळतात. होम फोल्डर मुद्दाम अस्तित्वात नसलेला द्यायचा. होममध्ये काहीतरी ठेवू पाहणारे साधन मग लगेच उघडे पडते, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्या रेसिपीत एक ओळ वाढते.

१४ जानेवारी

दुहेरी बिल्डची चाचणी. प्रत्येक पॅकेज दोनदा बिल्ड करायचे आणि दुसऱ्या फेरीत जे जे बदलता येईल ते बदलायचे: घड्याळ ४०० दिवस पुढे, म्हणजे वर्ष, महिना, वार सगळेच हलतात, मशीनचे नाव, वापरकर्त्याचा क्रमांक, युमास्क (नव्या फायलींचे अधिकार ठरवणारा आकडा) ०२२ ऐवजी ००२, कोर आठ ऐवजी एक, आणि फोल्डरातल्या फायली वाचण्याचा क्रम उलटा. दोन्ही आउटपुटांचे हॅश जुळले नाहीत तर डिफोस्कोप चालवायचे. ते अर्काइव्हच्या आत, त्यातल्या दाबलेल्या फायलींच्या आत शिरून नेमका फरक दाखवते. घड्याळ पुढे नेल्याचा आणखी एक फायदा असा, की चाचण्यांसाठी रेपोत ठेवलेली प्रमाणपत्रे कधी मुदत ओलांडणार आहेत तेही आधीच कळते.

एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. पॅकेजमध्ये फरक फक्त मॅन्युअलच्या दाबलेल्या पानांत, आणि तिथेही चारच बाइटांच्या आत. जीझिप या साधनाने दाबलेल्या फाइलच्या सुरुवातीला दहा बाइटांचे शीर्षक असते. पहिले दोन ओळख पटवणारे, तिसऱ्यात पद्धत, चौथ्यात फ्लॅग. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मूळ फाइलची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, लहान किमतीचा बाइट आधी. पान तेच, मजकूर तोच, पण ते दोन वेगळ्या क्षणी तयार झाले म्हणून शीर्षक वेगळे. शीर्षक वेगळे म्हणून पॅकेजचा हॅश वेगळा, आणि हॅश वेगळा म्हणून त्यावर अवलंबून असलेले प्रत्येक पॅकेज नव्याने. उपाय एका अक्षराचा: जीझिपला ‘-एन’ द्यायचे, म्हणजे शीर्षकात नाव आणि वेळ जात नाही.

१६ जानेवारी

वेळेचाच विषय पुढे. ‘सोर्स डेट इपॉक’ हे चल प्रत्येक बिल्डमध्ये भरायचे, किंमत म्हणजे सोर्सच्या शेवटच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) वेळ. जीसीसी ७ पासून कंपायलर तारखेचे आणि वेळेचे मॅक्रो यावरूनच भरतो. कमिटची वेळ उपलब्ध नसेल तेव्हा शून्य घालायचा मोह होतो, पण तो टाळायचा. झिप फाइलचे कॅलेंडरच १ जानेवारी १९८० पासून सुरू होते, त्याआधीची वेळ दिली की पायथनचे झिप मॉड्यूल थेट चूक देते. शिवाय जुन्या झिप नोंदीत टाइमझोन नसतो, वेळ स्थानिक धरली जाते. म्हणून ३१५५३२८००, म्हणजे १ जानेवारी १९८० ची मध्यरात्र, हा आकडाही काठावरचा: यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये तो ३१ डिसेंबर १९७९ होतो. आपण एक दिवस पुढचा ३१५६१९२०० घेणार.

इतर ठिकाणे, जिथे पाणी मुरते:

टार (अनेक फायली एकत्र बांधलेले अर्काइव्ह) बनवताना फायली नावाच्या क्रमाने लावायच्या, मालक आणि गट दोन्ही ० आणि आकड्यातच. फाइलची वेळ इपॉकपेक्षा नवी असेल तरच ती खाली आणायची, जुनी असेल तर तशीच ठेवायची.

स्टॅटिक लायब्ररी बनवणाऱ्या ‘एआर’ला ‘डी’ हा (खरी वेळ आणि मालक न लिहिणारा) पर्याय द्यायचा. काही ठिकाणी तो मुळातच चालू असतो, पण त्यावर विसंबायचे नाही.

बिल्डच्या पायऱ्या चालवणाऱ्या जीएनयू मेकमध्ये ‘वाइल्डकार्ड’ने गोळा केलेल्या फायली ३.८२ पासून क्रमाने लावल्या जात नव्हत्या. ४.३ मध्ये, २०२० साली, ते पुन्हा सुरू झाले. मधल्या आवृत्त्यांवर ऑब्जेक्ट फायली डिस्क देईल त्या क्रमाने लिंकरकडे जातात आणि बायनरी बदलते. मेकफाइलमध्ये स्पष्टपणे ‘सॉर्ट’ लिहायचे.

एक्सझेड हे फायली दाबणारे साधन एका थ्रेडवर आणि अनेक थ्रेडवर वेगळे बाइट देते, कारण अनेक थ्रेडच्या पद्धतीत डेटा ठोकळ्यांत तोडला जातो. ५.६ मध्ये अनेक थ्रेड हीच मूळ पद्धत झाली. पद्धत रेसिपीत पक्की लिहायची.

आणि सर्वांत घातक, ‘मार्च=नेटिव्ह’. हा फ्लॅग बिल्ड करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना वापरतो. एकाच जातीच्या मशीनवर दोन्ही फेऱ्या जुळतात, म्हणून दुहेरी चाचणीत हा सापडतच नाही. जुन्या प्रोसेसरवर मात्र प्रोग्राम ‘अवैध सूचना’ म्हणून कोसळतो. हा फ्लॅग कंपायलरच्या रॅपरमध्येच अडवायचा. गाळून टाकायचा नाही, बिल्ड पाडायचा. गुपचूप गाळला तर रेसिपी लिहिणाऱ्याला कळणारच नाही.

मॅकवर हे नेमस्पेस नाहीत, त्यामुळे तिथे बिल्डचा मार्ग कायम एकच ठेवणे अवघड. तिथे ‘फाइल प्रीफिक्स मॅप’ हा (आउटपुटमधल्या मार्गाच्या जागी ठरावीक मार्ग लिहिणारा) फ्लॅग वापरायचा. क्लँगमध्ये तो आहे आणि जीसीसीमध्येही ८ पासून आहे.

२३ जानेवारी

सोर्सची पडताळणी. आज आपण उतरवलेल्या टार फाइलचा एसएचए-२५६ हॅश तपासतो. हे बरोबर आहे, पण पुरेसे नाही. जानेवारी २०२३ मध्ये एका मोठ्या कोड-होस्टिंग सेवेने गिटची (सोर्समधले बदल जपणाऱ्या साधनाची) नवी आवृत्ती घेतली. त्या आवृत्तीत गिट बाहेरच्या जीझिपऐवजी स्वतःचे दाबण्याचे तंत्र वापरत होते. आयत्या वेळी बनवून दिल्या जाणाऱ्या अर्काइव्हचे बाइट बदलले, आतल्या फायली मात्र जशाच्या तशा होत्या. जगभरातले बिल्ड चेकसम जुळेना म्हणून अडले, आणि सेवेला तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणून यापुढे दोन हॅश: एक अर्काइव्हचा, एक उलगडलेल्या फोल्डरचा. पहिला चुकला आणि दुसरा जुळला तर इशारा देऊन पुढे जायचे. दुसरा चुकला तर थांबायचे. इशाऱ्याच्या वाटेतही उलगडणारे साधन सँडबॉक्समध्येच चालले पाहिजे, कारण त्या क्षणी आपल्या हातात न पडताळलेले बाइट असतात.

फोल्डरच्या हॅशमध्ये नावे, मजकूर, सिमलिंकचे (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीचे) लक्ष्य आणि एक्झिक्युटेबल बिट एवढेच धरायचे. वेळ आणि मालक नाही. मोठी-लहान अक्षरे एकच मानणाऱ्या डिस्कवर नुसत्या अक्षर-आकाराने वेगळ्या असलेल्या दोन फायली एकमेकींवर बसतात आणि हॅश चुकतो. अशी जोडी दिसली तर तिचे नाव छापायचे.

गिटची ‘एक्स्पोर्ट-सब्स्ट’ ही सोय असलेल्या सोर्समध्ये फोल्डरचा हॅशही स्थिर राहत नाही. अर्काइव्ह बनताना कमिटचा आखूड हॅश फाइलमध्ये लिहिला जातो, आणि रेपो वाढला की तो किती अक्षरी हेही बदलते. शाखांची नावे लिहिली जात असतील तर शाखा सरकताच मजकूर बदलतो. असे सोर्स अर्काइव्हमधून घ्यायचेच नाहीत. थेट गिटमधून, कमिटच्या पूर्ण हॅशने घ्यायचे.

एक्सझेडचे प्रकरण याच नोंदीत हवे. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा सापडला. तो चालू करणारी एम४ फाइल (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करताना वापरतात ती) प्रकाशित टार फाइलमध्ये होती, गिटच्या रेपोत नव्हती. चेकसमने असले काही पकडले जात नाही, टार फाइल तीच होती जी प्रकाशित झाली. जमेल तिथे गिटच्या टॅगवरून बिल्ड करायचे आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट आपणच तयार करायची. वेळ वाढेल. तो द्यावा असे स्पष्ट मत आहे.

३ फेब्रुवारी

कॅशेची किल्ली, म्हणजे आउटपुट कॅशेत ज्या हॅशखाली ठेवायचा आणि शोधायचा तो. तिच्यात जाणारे घटक: रेसिपीचा मजकूर, सोर्स फोल्डरचा हॅश, प्रत्येक डिपेंडन्सीच्या आउटपुटचा हॅश, लक्ष्य प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्सची आवृत्ती. कंपायलर वेगळा धरायची गरज नाही, तोही एक डिपेंडन्सीच आहे. घटक नुसते एकापुढे एक चिकटवून हॅश काढायचा नाही. ‘लिब’ आणि ‘क’ यांची जोड आणि ‘लि’ आणि ‘बक’ यांची जोड सारखीच दिसते, आणि दोन वेगळ्या बिल्डना एक किल्ली मिळते. प्रत्येक घटकाआधी त्याची लांबी बाइटांत लिहायची.

डिपेंडन्सीच्या किल्लीऐवजी तिच्या आउटपुटचा हॅश घेतल्याने साखळी मधेच तुटू शकते. खालच्या लायब्ररीत कुणी शब्दलेखनाची चूक सुधारली, ती नव्याने बिल्ड झाली, पण बाइट तेच निघाले, तर वरचे काहीच हलवावे लागत नाही. १४ जानेवारीच्या चार बाइटांवर एवढा वेळ दिला तो यासाठी. मर्यादाही आहे. टिप्पणीची एक ओळ वाढली की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात. डीबग माहितीत ते असतात आणि असर्टच्या संदेशांतही असतात. ओळींची संख्या न बदलणाऱ्या दुरुस्तीलाच हा फायदा हमखास मिळेल. डीबग माहिती वेगळ्या पॅकेजात काढली तर तो आणखी थोड्या ठिकाणी मिळेल.

१० फेब्रुवारी

कॅशेत लिहिण्याचा अधिकार फक्त बिल्ड सर्व्हरला, बाकी सगळे वाचणारे. नोंदीवर एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही, आणि ती कॅशेची किल्ली, आउटपुटचा हॅश व संदर्भांची यादी या तिन्हींवर मिळून. नुसत्या आउटपुटवर सही केली तर खरा पण भलताच आउटपुट भलत्या किल्लीखाली ठेवता येतो, आणि सही तरीही खरी ठरते.

फाइल जागेवर ठेवण्याची पद्धत: त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहायची, एफसिंक (डिस्कवर पक्के उतरवणे), मग रिनेम (नाव बदलणे), मग फोल्डरचाही एफसिंक. तात्पुरता फोल्डर वेगळ्या डिस्कवर असला तर रिनेम ‘क्रॉस-डिव्हाइस’ची चूक देते. तेव्हा साधी कॉपी करून पुढे जाणारा कोड आपल्याकडे आहे, तो काढायचा. कॉपीच्या मधेच वीज गेली तर अर्धी फाइल पूर्ण नावाने बसलेली राहते. ‘सध्याची’ पिढी (बसवलेल्या पॅकेजांचा संच) दाखवणारी सिमलिंकही अशीच बदलायची. ‘एलएन -एसएफ’ जुनी लिंक काढून मग नवी घालते, असे धरूनच चालायचे, आणि त्या मधल्या क्षणी चालू झालेल्या प्रोग्रामला काहीच सापडत नाही. नवी लिंक तात्पुरत्या नावाने बनवून जुनीवर रिनेम करायची.

१७ फेब्रुवारी

समांतर कामे. १६ कोरच्या मशीनवर चार बिल्ड, आणि प्रत्येक रेसिपीत ‘-जे१६’ (एका वेळी १६ कामे), म्हणजे ६४ कंपायलर एकाच वेळी. मशीन स्वॅपमध्ये जाते आणि वेळेच्या मर्यादा असलेल्या चाचण्या विनाकारण पडतात. जीएनयू मेकचा जॉबसर्व्हर सगळ्यांसाठी एकच चालवायचा: पाइपमध्ये १६ टोकन, काम सुरू करताना एक उचलायचे, संपले की परत टाकायचे. रेसिपीतून ‘-जे’ पूर्ण काढून टाकायचा, कारण आतल्या मेकला आकडा दिला की तो वरच्या जॉबसर्व्हरशी नाते तोडतो. उलट बाजूने, मेकफाइलमध्ये आतला मेक नुसत्या नावाने बोलावला असेल तर जॉबसर्व्हर उपलब्ध नसल्याचा इशारा येतो आणि तो एकेकच काम करतो. त्या ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह हवे.

टोकन धरून मेलेली प्रक्रिया टोकन परत करत नाही. मेमरी संपून कर्नलने कंपायलर चालवणाराच मारला की १६ चे १५ होतात, मग १४. बिल्ड पडत नाही, फक्त मंद होत जातो. बिल्ड संपताना टोकन मोजून कमी असतील तितकी पुन्हा घालायची, आणि नोंदीत आकडा लिहायचा. बाहेर पडण्याचा कोड १३७ दिसला तर तो १२८ अधिक ९ (मारून टाकण्याचा सिग्नल), म्हणजे प्रक्रिया मारली गेली. संदेशात ‘बहुधा मेमरी संपली’ असे साध्या शब्दांत यावे. लिंकिंगला मेमरी जास्त लागते, म्हणून मोठ्या पॅकेजच्या रेसिपीत त्याचे वजन लिहिता येईल: लिंकिंगच्या एका कामाला चार टोकन.

२५ फेब्रुवारी

सॉल्व्हर. आवृत्त्या जुळवण्याचा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवण्याची हमखास रीत माहीत नसलेला) आहे, तरी रोजच्या वापरात अडचण वेगाची नसून संदेशाची आहे. आजचा सॉल्व्हर सर्वांत नवी आवृत्ती उचलत जातो आणि अडला की ‘जुळवता आले नाही’ म्हणतो. २०१८ मध्ये डार्टच्या पॅकेज व्यवस्थेसाठी आलेली पबग्रब पद्धत घ्यायची, कारण ती प्रत्येक संघर्षाचे कारण टिपून ठेवते आणि शेवटी ती साखळी छापता येते. संदेश असा हवा: ‘चित्र ३.१ ला रंग २ किंवा वरचा लागतो, छपाई १.४ ला रंग २ च्या खालचा लागतो, आणि तुम्ही दोन्ही मागितले आहेत, छपाई १.५ पासून ही अट नाही.’ शेवटचा तुकडा सर्वांत उपयोगी.

आवृत्त्यांची तुलना दोन ठिकाणी फसते. १.१० ही १.९ पेक्षा नवी, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हायफनचा अर्थ दोन परंपरांत उलटा आहे. सेमँटिक पद्धतीत १.०.०-आरसी.१ ही १.०.० च्या आधीची. डेबियन पद्धतीत हायफननंतरचा भाग म्हणजे पॅकेजची फेरी, म्हणून १.०-आरसी१ ही १.० च्या नंतरची ठरते. तिथे ‘आधीची’ सांगायला टिल्डा लागतो. आयात करताना हायफनचा टिल्डा करायचा आणि मूळ आवृत्तीही शेजारी जपायची.

लॉकफाइलमध्ये (ठरलेल्या आवृत्त्यांच्या यादीत) एका ओळीवर एक पॅकेज, नावाच्या क्रमाने. मग दोन शाखा बहुतेक वेळा भांडण न होता जुळतात. पण मजकूर जुळला म्हणजे अटी जुळल्या असे होत नाही, तेव्हा प्रत्येक मर्जनंतर सॉल्व्हरने लॉकफाइल फक्त तपासावी, बदलू नये.

४ मार्च

कलेक्टर. जिवंत काय, म्हणजे अजून कुणाला तरी लागणारे काय, हे ठरवायला आउटपुटच्या बाइटांत इतर पॅकेजांचे ३२ अक्षरी हॅश शोधतो. दाबलेल्या फाइलच्या आत हे हॅश दिसत नाहीत. जार फाइलमध्ये (जावाचे झिपसारखे अर्काइव्ह) कुठल्या लायब्ररीचा मार्ग असेल तर तो संदर्भ निसटतो, कलेक्टर ती लायब्ररी उडवतो, आणि प्रोग्राम काही दिवसांनी अचानक बंद पडतो. झिपच्या कुटुंबातल्या फायली शोधताना उलगडून बघायच्या. ते शक्य नसेल तिथे रेसिपीत संदर्भ हाताने लिहायचा.

चालू बिल्ड आणि कलेक्टर यांच्यात शर्यत आहे. बिल्डने पाहिले की पॅकेज भांडारात आहे, आणि वापरायच्या आत कलेक्टरने ते काढले. क्रम उलटा करायचा: आधी ‘हे मला हवे’ अशी नोंद, मग ते आहे का हे पाहणे. कलेक्टरने नोंदी कुलूप लावून वाचायच्या.

जागा वाचवण्यासाठी सारख्या फायलींचे हार्डलिंक, म्हणजे डिस्कवर एकच प्रत आणि तिला अनेक नावे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल व्यवस्थेत एका आयनोडला (डिस्कवरच्या एका प्रतीच्या नोंदीला) ६५,००० लिंक एवढीच मर्यादा आहे. ती गाठते एक शून्य बाइटांची फाइल. पायथनच्या जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये रिकामी इनिट फाइल असते, कधी प्रत्येक उपफोल्डरात एक, आणि मजकूर सारखाच म्हणून सगळ्या एकाच आयनोडवर येतात. मर्यादा आली की लिंक करणे ‘खूप लिंक’ म्हणून अडते. शून्य बाइटांच्या फायली जोडायच्याच नाहीत, वाचवण्याजोगी जागाच तिथे नाही. इतर फायलींसाठी मर्यादा आली की नवी प्रत सुरू करायची.

११ मार्च

कॅशे सुरू करण्याची पद्धत. पहिले १४ दिवस कॅशेतून मिळालेल्या दर २० पॅकेजांपैकी एक स्थानिक मशीनवरही बिल्ड करायचे आणि आउटपुटचे हॅश ताडून पाहायचे. निवड किल्लीच्या आकड्यावरून, म्हणजे तेच पॅकेज सगळ्या मशीनवर पुन्हा तपासले जाईल आणि फरक मशीनचा की रेसिपीचा हे लगेच कळेल. जुळले नाही तर ती किल्ली कॅशेतून काढायची, दोन्ही आउटपुट डिफोस्कोपसाठी ३० दिवस ठेवायचे, रेसिपीवर खूण करायची आणि तिच्या आउटपुटचा हॅश वापरलेल्या सगळ्या किल्ल्यांची यादी छापायची. खूण असेपर्यंत ते पॅकेज प्रत्येकाने स्वतःच्या मशीनवरच बिल्ड करायचे.